रक्त तपासणारे कोण ?



गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन मजकडे आले. मुलगी बारावीची परीक्षा शास्त्रशाखेंतून चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली होती. परंतु डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेंत तिला हवे तितके गुण मिळाले नव्हते. गृहस्थांच्या हातांत गुळगुळीत कागदावर छापलेलें एका संस्थेचें पत्रक होतें. अवघ्या सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी, असा त्यावरील मजकूर. "फी माफक आहे," ते म्हणाले, "आणि काम तें काय ? रक्त काढावयाचें आणि यंत्रांत घालावयाचें. तुमची सारी हयात प्रयोगशाळेंत गेली. तुम्हीच सांगा, काका, हिला घालूं का ?" मुलगी कांहीं बोलली नाहीं. पण 'काम तें काय' हे शब्द तिला लागलेले दिसले, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि लागले.

त्या संध्याकाळीं मीं त्यांना जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें थोड्या विस्तारानें मांडतों.

आपल्या घरांत प्रयोगशाळेचें दर्शन दोनदांच होतें. सकाळीं चहाच्याहि आधीं एक तरुण पिशवी घेऊन येतो, दंडाला पट्टा आवळतो आणि दोन-तीन नळ्या भरून घेऊन जातो, हें पहिलें. आणि संध्याकाळीं रिपोर्ट हातीं येतो, हें दुसरें. मधल्या आठ-दहा तासांत काय घडलें हें आपण विचारीत नाहीं. जानेवारी २०२० मध्यें केरळांतील एका रुग्णाला करोनाची बाधा झाल्याचें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत निश्चित झालें, आणि पुढें दोन वर्षें घराघरांत आर. टी. पी. सी. आर. हीं अक्षरें मुलांच्याहि तोंडीं बसलीं. परंतु ती चांचणी करणारीं माणसें कोण, त्यांचें शिक्षण किती, हा प्रश्न त्या धामधुमींतहि फारसा कोणीं विचारला नाहीं.

त्या मधल्या तासांतील एक प्रसंग सांगतों. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत माझ्या हाताखालीं शिकून तयार झालेली एक मुलगी रात्रपाळीवर होती. रात्रीं अकराच्या सुमारास वॉर्डांतून एका वृद्ध गृहस्थांचें रक्त आलें. यंत्रानें पोटॅशियमचा आंकडा ९ च्या वर दाखविला आणि कॅल्शियमचा ३ च्या खालीं. निरोगी माणसांत पोटॅशियम सुमारें साडेतीन ते पांच आणि कॅल्शियम साडेआठ ते साडेदहा असतें. हे आंकडे खरे मानले तर म्हाताऱ्याचें हृदय कोणत्याहि क्षणीं थांबावयास हवें होतें. मुलीनें वॉर्डांत फोन केला. "आजोबा कसे आहेत ?" नर्सबाई म्हणाल्या, "खाटेवर बसून गरम दूध मागताहेत."

मुलीनें तो रिपोर्ट अडवून धरला. निरनिराळ्या तपासण्यांसाठीं निरनिराळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्या असतात, हें आपण पाहिलें असेल. जांभळ्या टोपणाच्या नळींत रक्त गोठूं नये म्हणून एक द्रव्य घातलेलें असतें, त्याचें नांव ई. डी. टी. ए. हें द्रव्य रक्तांतील कॅल्शियम बांधून टाकतें, आणि तें स्वतः पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपानें नळींत असतें. वॉर्डांत लाल टोपणाच्या नळींत रक्त कमी पडलें, तेव्हां कोणी तरी जांभळ्या नळींतलें थोडेंसें तिच्यांत ओतून भर केली होती ! त्यामुळें पोटॅशियम चढलें आणि कॅल्शियम नाहींसें झालें. तिकडे ड्यूटीवरील तरुण डॉक्टर फोनवर संतापले होते. त्यांना पोटॅशियम उतरविण्याचें औषध ताबडतोब सुरू करावयाचें होतें. तें औषध ज्याचें पोटॅशियम मुळांत ठीक आहे त्याला दिलें, तर तें धोक्याच्या पातळीपर्यंत खालीं जातें. मुलगी शांतपणें म्हणाली, "सर, नवें रक्त पाठवा. हें मी देणार नाहीं." नवें रक्त आलें. पोटॅशियम ४.४.

यंत्रानें चूक केली नव्हती. नळींत जें होतें तें त्यानें इमानें मोजलें. नळींत तें कसें आलें असावें हें ओळखणें मात्र यंत्राच्या हातचें नव्हतें. त्याला त्या मुलीचें चार वर्षांचें शिक्षण लागलें.

हें ज्ञान नसेल, किंवा असूनहि शिस्त नसेल, तर काय होतें याचें एक जुनें उदाहरण आहे, आणि त्याचा आपल्या परळशीं निकटचा संबंध आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां वाल्देमार हाफकिन यांनीं येथें प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली. पुढें परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्यें त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. तीच आजची हाफकिन संस्था. १९०२ च्या ऑक्टोबरांत तेव्हांच्या पंजाबांतील, आज पाकिस्तानांत असलेल्या, मुल्कोवाल या गांवीं १०७ जणांना ही लस टोंचण्यांत आली. त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसहि जणांची लस एकाच बाटलींतील होती. दोष परळच्या प्रयोगशाळेच्या माथीं आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. पुढें पुराव्यांत असें आलें कीं, गांवांत ती बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतींत धरून शुद्ध करण्याऐवजीं नुसत्या जंतुनाशक पाण्यांत बुडवून त्यानें पुन्हा वापरला. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं हाफकिन यांची बाजू हिरिरीनें मांडली, आणि १९०७ सालीं ते कलंकमुक्त झाले. एकोणीस माणसें मात्र गेलीं तीं गेलींच.

ही गोष्ट सांगतांना त्या मदतनिसाला नांवें ठेवण्याची वहिवाट आहे. मला मात्र त्याच्यापेक्षां त्याच्या हातीं तो चिमटा देणाऱ्यांचा विचार अधिक येतो. धनुर्वाताचें बीज मातींत असतें, त्याचें कवच साध्या औषधी पाण्याला दाद देत नाहीं, आणि म्हणून ज्योत हवी, हें त्याला कोणीं तरी समजावून सांगावयास हवें होतें. नियम पाठ असणें वेगळें आणि तो नियम कां आहे हें ठाऊक असणें वेगळें.

आतां शिक्षणाकडे वळूं. या शास्त्राच्या विद्यार्थ्याला शरीररचना व शरीरक्रिया, रक्तपेशींचें शास्त्र, जंतुशास्त्र, जीवरसायन, रक्तगट व रक्तसंक्रमण, शरीरांतील ऊतींचे पातळ काप करून ते रंगविणें, इतके विषय शिकावे लागतात. पुस्तक वाचून ते येत नाहींत. हिंवतापाच्या जंतूचें लहानसें कडें सूक्ष्मदर्शकाखालीं एकदां पाहिलें म्हणजे ओळखूं येतें असें नाहीं. शेकडों कांचपट्ट्या पाहाव्या लागतात, आणि ज्यांत तें नाहीं अशा त्याहून अधिक. शिवाय रोज सकाळीं रुग्णांचें रक्त लावण्यापूर्वीं, ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असा नमुना यंत्राला देऊन तें आज शुद्धीवर आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें. आम्ही लॅबवाले याला 'कंट्रोल लावणें' म्हणतों. हे रोजचे आंकडे आलेखावर मांडण्याची पद्धत लीव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनीं १९५० सालीं रूढ केली. सहा दिवस सारे ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडत असतील, तर प्रत्येक आंकडा मर्यादेंत असूनहि यंत्र हळूहळू सरकत आहे, हें शिकलेल्या डोळ्याला दिसतें. न शिकलेल्याला सर्व कांहीं ठीकच दिसतें, आणि खरा धोका तेथेंच आहे.

या शिक्षणाला किती काळ द्यावा, हें आतां कायद्यानेंच सांगितलें आहे. २०२१ सालीं संसदेनें संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणें तंत्रज्ञ होण्यास निदान २००० तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली, पदविका वा पदवी लागते. आणि त्याच्या वरच्या पायरीवर निदान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी. अशा व्यक्तींची नांवें नोंदवहींत घालण्याची तरतूदहि त्यांत आहे. कायदा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशीं गल्लोगल्लीं त्याचा अंमल होतो, असा अनुभव आपल्याकडे नाहीं. परंतु मोजमाप तरी हातीं आलें. मीं त्या गृहस्थांना कागद-पेन्सिल दिली. सहा महिने, आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास, एकहि सुट्टी नाहीं, असें धरलें तरी बेरीज साडेबाराशें तासांच्या आंतच राहते. पत्रकांत तर रोज तीन तासांचेच वर्ग होते. त्यांनीं पत्रक घडी घालून खिशांत ठेवलें.

मग विचारावें तरी काय ? अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची अगर शासकीय परिषदेची मान्यता आहे, तिचा क्रमांक कोणता, आणि तो त्या विद्यापीठाकडे पडताळून पाहातां येतो का, हें पहिलें. संस्थेला स्वतःचें रुग्णालय आहे का, हें दुसरें. आणि माझ्या मतें हेंच सर्वांत महत्त्वाचें. ज्या प्रयोगशाळेंत रोज खरे रुग्ण येत नाहींत, तेथें शिकणें म्हणजे कोरड्या जागीं पोहणें शिकणें होय. मान्य पदविकेची किंमत कोठें कळते तेंहि सांगतों. रक्तपेढींत तंत्रज्ञ म्हणून काम करण्यास या विषयाची पदवी व सहा महिन्यांचा अनुभव, किंवा पदविका व एक वर्षाचा अनुभव लागतो, असें औषधांसंबंधींच्या केंद्रीय नियमांत आहे. तेथें सहा महिन्यांचें प्रमाणपत्र दाखवून भागत नाहीं.

एक कडू गोष्टहि सांगितली पाहिजे. पुष्कळ तरुण, पदविका मिळतांच आपली लॅब काढूं, अशा आशेनें या शिक्षणाकडे येतात. १२ डिसेंबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेंच रिपोर्टावर सही करावी, हा निर्णय उचलून धरला. पदविकेच्या बळावर आपल्याच सहीनें रिपोर्ट द्यावे, हा मार्ग त्यानें बंद झाला. रोग्याच्या दृष्टीनें मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र अनेक ठिकाणीं डॉक्टरांची सही आधींच छापून ठेवलेली असते आणि डॉक्टर त्या गांवांत पाऊलहि टाकीत नाहींत ! काम एकाचें आणि सही न पाहिलेल्याची, अशा व्यवस्थेंत दोघांचीहि अप्रतिष्ठा आहे.

पगाराविषयीं खोटी आशा दाखवूं इच्छीत नाहीं. खासगी लॅबमध्यें आरंभीचा पगार तुटपुंजा असतो. सरकारी जागा स्थिर असल्या तरी जाहिरातीची वाट पाहावी लागते, आणि पुष्कळदां कंत्राटावर समाधान मानावें लागतें. परंतु पदवीनंतर जीवरसायन, जंतुशास्त्र, रक्तशास्त्र अशा एखाद्या शाखेंत पुढचें शिक्षण घेणाऱ्याला मोठ्या प्रयोगशाळा, संशोधनसंस्था, अध्यापन आणि गुणनियंत्रण हीं क्षेत्रें खुलीं होतात. यंत्रें वाढल्यानें माणसें नकोशीं होतील, ही भीति मला खरी वाटत नाहीं. नुसती नळी उचलून ठेवणारा हात कमी लागेल, एवढें खरें.

परदेशाचें म्हणाल तर तेथें या व्यवसायाला परीक्षेची शिस्त जुनी आहे. अमेरिकेंत पॅथॉलॉजिस्टांच्या संस्थेनें १९२८ सालींच तंत्रज्ञांच्या नोंदणीचें मंडळ स्थापन केलें. तरीहि तेथें स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणींत, नगावारी पैसे घेऊन घाईघाईनें पाहिलेल्या पट्ट्यांत कर्करोग निसटल्याचें १९८७ सालीं वृत्तपत्रांनीं उघडकीस आणलें. १९८८ मध्यें कायदा कडक झाला आणि एका तंत्रज्ञानें चोवीस तासांत शंभराहून अधिक पट्ट्या पाहूं नयेत, असें बंधन आलें. ब्रिटनमध्यें 'बायोमेडिकल सायंटिस्ट' ही उपाधि नोंदणी झाल्यावांचून लावतां येत नाहीं. आखाती देशांत जाणाऱ्यांची प्रमाणपत्रें मूळ संस्थेकडे पाठवून पडताळलीं जातात आणि मग संगणकावर परीक्षा होते. पडताळणीचें पत्र पोहोंचेपर्यंत ती सहा महिन्यांवाली संस्था त्या पत्त्यावर असेल का, हा प्रश्न मीं गृहस्थांना विचारला तेव्हां मुलगी पहिल्यांदा हंसली.

दुसऱ्या दिवशीं तिच्या आई आल्या. त्यांचे प्रश्न निराळे होते. रात्रपाळी करावी लागेल का ? होय, लागेल, रुग्णालय रात्रीं मिटत नाहीं. जाण्यायेण्याची सोय काय, हें नोकरी घेतांनाच लेखी ठरवून घ्यावें. रोग लागण्याचें भय ? आहे, म्हणून कावीळ-ब ची लस आरंभींच टोंचून घ्यावी, वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावूं नये, आणि टेबलाजवळ खाऊं नये. सूक्ष्मदर्शकानें डोळे बिघडतात का ? माझे सत्तरीपर्यंत टिकले आहेत. "आणि वहिनी," मीं म्हटलें, "लग्नाच्या बाजारांत या पदवीला काय भाव आहे, हें मात्र मला विचारूं नका." त्या म्हणाल्या, तोच प्रश्न राहिला होता.

मुलीनें रुग्णालय असलेल्या एका महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांत नांव घातलें आहे. परवां जिन्यांत भेटली, तेव्हां बोटांना जांभळा रंग लागलेला होता. पट्ट्या रंगवितांना हातमोजे घालीत जा, असें मीं तिला बजावलें आहे.