टपावरचे बोर्ड आणि मागची गाडी

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज कॅरिअर. म्हणजे गाडीच्या टपावरचं.

मी मूळचा सांगलीचा. लहानपणी वडापच्या जीपवर गाद्या, ट्रंका, सायकली चढवलेल्या बघितल्यात. दोरी आवळायची, टपावर दोन थापा मारायच्या, "चला" म्हणायचं, झालं. बीटेक करून नोकरीसाठी डेन्व्हरला आलो, तेव्हा ही समजूतही बॅगेत भरून आणली होती.

डेन्व्हरहून आय-70 हायवेनं दोनेक तासांत स्नोबोर्डिंगच्या डोंगरांवर पोचता येतं. पहिल्या हिवाळ्यात आम्ही चौघं निघालो, माझ्या जुन्या सेडानमधून. एकेक बोर्ड दीड मीटरचा. बोर्ड आत घेतले तर माणसं बाहेर! मग मी स्वस्तातलं सॉफ्ट रॅक घेतलं. टपावर दोन फोमच्या गाद्या टाकायच्या, पट्टे दारांमधून आत घेऊन आवळायचे. पाच मिनिटांचं काम. मी तर खूश.

हायवेला लागल्यावर पट्टे गुणगुणायला लागले. आम्ही गाणी मोठी केली. बाहेर बर्फ भुरभुरत होता, पट्ट्यांवरून पाणी आत ठिबकत होतं. आयझेनहॉवर बोगदा, सुमारे 3,400 मीटर उंचीवरचा, तो पार केला आणि उतार लागला. तिथे आवाज बदलला. गुणगुण थांबून फडफड सुरू झाली. मी म्हटलं, "पुढच्या एक्झिटला बघू."

पुढची एक्झिट यायच्या आत एक बोर्ड सुटला.

आरशात दिसलं, मागच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला, ती लेनमधून हलली, मग सरळ झाली. बोर्ड घसरत कडेच्या बर्फात गेला. कोणाला काही झालं नाही. ती गाडी आमच्या शेजारून पुढे गेली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची दिसली. त्यात बाळ होतं की नाही, मला कळलं नाही. आजही कधी कधी रात्री तेच आठवतं.

घरी येऊन मी आपल्या सवयीप्रमाणे डीबगिंग केलं. चूक वजनाची नव्हतीच. बाइंडिंगसकट एक बोर्ड चार-पाच किलोचा, चार म्हणजे वीस किलो. टपाची मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि ती रॅकचं वजन धरून असते. वीस किलो त्यात आरामात बसत होते. खरा खेळ वाऱ्याचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 वरून 110 ला गेलात, तर वेग दीडपटही होत नाही, पण जोर जवळजवळ दुप्पट होतो. त्यात नायलॉनचे पट्टे भिजले की ताणतात. म्हणजे जोर वाढत होता आणि पकड सैल होत होती.

म्हणून रॅक निवडताना पहिला प्रश्न "किती बोर्ड मावतात?" हा नाही. पहिला प्रश्न असा, की हे गाडीला नक्की कुठे धरतं?

आधी आपला टप बघा. उभे रेल असतील तर सोपं, रॅकचे पाय रेलला पकडतात. टपात स्क्रूसाठी जागा दिलेल्या असतील तर तेही छान. माझ्यासारखा गुळगुळीत टप असेल, तर दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला अडकणारे क्लिप लागतात. ते प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे मिळतात, त्याला फिट किट म्हणतात. इथे "साधारण बसतंय" चालत नाही. तुमचं मॉडेल, तुमचं वर्ष, तेच किट. गाडी बदलली तर बहुतेक वेळा बार आणि पाय तेच राहतात, फक्त किट नवं घ्यायचं. मी बार जुने घेतले, किट मात्र नवं कोरं. पैसे वाचवायची जागा हीच.

चुंबकाचं रॅक? टप स्टीलचा असेल तरच. ॲल्युमिनियम किंवा काचेच्या टपावर ते धरतच नाही. आधी साधा फ्रिजचा चुंबक लावून बघा.

बारवर बोर्डांसाठी क्लॅम्प येतो, चिमट्यासारखा. दोन गोष्टी बघा. एक, त्याची उंची. बोर्ड तळाला तळ लावून ठेवले तर खालच्याची बाइंडिंग टपाला घासता कामा नये. दोन, बटण मोठं हवं. हातमोजे घालून उघडता आलं पाहिजे, नाहीतर संध्याकाळी पार्किंगमध्ये बोटं गोठतात.

आता तुम्ही म्हणाल, काढता येणारंच का? कायम राहू दे की. मी वर्षाला दहा-बारा वीकेंड जातो. बाकी दिवस ते बार नुसता आवाज करतात आणि पेट्रोल खातात. शिवाय रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याच्या सांध्यात जाऊन बसतं. काढायला पंधरा मिनिटं लागतात.

पण दर वेळी लावायचं म्हणजे दर वेळी चुकायची संधी. म्हणून माझी चेकलिस्ट ऐका. क्लिप बसते ती कड पुसून घ्यायची, नाहीतर कचकचीनं रंग जातो. बोल्ट सोबतच्या टॉर्कच्या पान्यानं आवळायचे, अंदाजानं नाही. मग बार धरून जोरात हलवायचा. गाडी हलली पाहिजे, रॅक नाही. आणि पंधरा-वीस किलोमीटरवर एकदा थांबून पुन्हा बघायचं. आवाज बदलला तर लगेच, पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं.

सगळं मिळून मला काही शे डॉलर लागले. मित्र म्हणाला, "दोनशेच्या बोर्डासाठी एवढे?" मी म्हटलं, अरे, बोर्डासाठी नाहीच घेतलं हे. बोर्ड गेला तर दुसरा येतो. हे मागच्या गाडीसाठी घेतलंय.

तुमच्या टपावर बोर्ड नसेल, सायकल असेल, आईनं बांधून दिलेलं बोचकं असेल, तरी गणित तेच. निघण्याआधी एकदा हलवून बघा.

चला, भेटू पुढच्या भागात. सावकाश जा!