घरावरचा बोजा : दिसणारा आणि न दिसणारा
(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्यापैकी बरेचजण गावाहून आलेले आहेत. गावी विकास सोसायटीचे कर्ज काढले की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो. तलाठ्याकडून उतारा घेतला की तो कोणालाही वाचता येतो. परंतु मीरा-भाईंदरमधील आपल्या सदनिकेला स्वतःचा वेगळा सातबारा नसतो. तिच्यावरचा बोजा एका कागदावर दिसत नाही, तो चार ठिकाणी विखुरलेला असतो. फसगत होते ती येथेच.

पहिला बोजा बँकेचा. गृहकर्ज घेताना आपण मूळ करारनामा बँकेत ठेवतो, म्हणजेच घर गहाण टाकतो. राहतो आपण, पण कर्ज फिटेपर्यंत घरावर बँकेचा हक्क असतो. या गहाणाची सूचना दुय्यम निबंधक कार्यालयात आणि 'सरसाई' या केंद्रीय नोंदवहीत दिली जाते.

दुसरा बोजा महानगरपालिकेचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ नुसार थकलेला मालमत्ता कर हा, शासनाचा जमीन महसूल वगळता, त्या इमारतीवरील पहिला बोजा ठरतो. तिसरा गृहनिर्माण संस्थेचा. देखभाल शुल्क थकले तर संस्था उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला घेऊन सदनिकेवर जप्ती आणू शकते.

चौथा न्यायालयाचा. हातउसने किंवा विनातारण कर्ज थकले म्हणून सावकाराला लगेच घराला हात लावता येत नाही. त्याला दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागतो, मगच जप्ती येते. दुसऱ्यासाठी जामीन राहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. अनेक घरांत ही नोटीस घाबरून कपाटात ठेवली जाते. माझी हात जोडून विनंती आहे, तसे करू नका. त्या ६० दिवसांतच खरी संधी असते. लेखी हरकत घ्या. बँकेने ती फेटाळली, तर १५ दिवसांत कारणे कळविणे तिच्यावर बंधनकारक आहे. बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचललेच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. येणे रक्कम मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. मात्र २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच सर्व येणे भरून घर सोडवावे लागते. उशीर म्हणजे घर गेले.

आता खरेदीदारांसाठी. जुनी सदनिका घेताना नुसता रंग आणि हवा पाहू नका. दुय्यम निबंधक कार्यालयात मागील नोंदींचा शोध घ्या, मूळ करारनामा स्वतः पाहा, कराची अद्ययावत पावती आणि संस्थेचा 'बाकी नाही' दाखला मागा. विक्रेत्याने 'मूळ कागद नंतर देतो' म्हटले, तर इसार देऊ नका. माणूस बदलला तरी बोजा घराला चिकटून राहू शकतो.

आणि कर्ज फिटले म्हणजे काम संपले असे समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशानुसार, संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि बोजाची नोंद उतरविणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा आपला हक्क आहे, तो मागून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, घरात शिकलेले तुम्ही आहात. आज घरी गेल्यावर आईवडिलांच्या कागदांची पिशवी उघडा, प्रत्येक कागद वाचून दाखवा. आयुष्यभराच्या कमाईतून उभे राहिलेले घर न वाचलेल्या एका पाकिटापायी जाता कामा नये.

जयभीम.