ध्रुवप्रदेशाच्या लहान जहाजावर

(नभोवाणीवरील भाषण)



रिद्धपूर-मोर्शीकडचा आपला वऱ्हाड समुद्रापासून इतका दूर आहे कीं, येथील पुष्कळ माणसांनीं मोठें जहाज प्रथम चित्रांतच पाहिलेलें असतें. तरीहि अलीकडे मराठी प्रवासी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन येऊं लागले आहेत. या सफरींच्या जाहिरातींत पेंग्विन दिसतात, निळे हिमनग दिसतात. जहाज मात्र फारसें दिसत नाहीं. आणि दहाबारा दिवस राहावयाचें असतें तें त्या जहाजावरच! म्हणून आज त्या जहाजाविषयींच चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे.

हा मार्ग आपल्याला अगदींच अनोळखी नाहीं. ६ डिसेंबर १९८१ रोजीं नॉर्वेकडून भाड्यानें घेतलेलें 'पोलर सर्कल' हें जहाज गोव्याहून निघालें. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं एकवीस जणांचें पथक त्यावर होतें. ९ जानेवारी १९८२ रोजीं या पथकानें अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाय ठेवला, आणि २१ फेब्रुवारीला तें गोव्यास परतलें. पुढें १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेंत नागपूर येथें जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी गेल्या. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्याच. ही मंडळी कामासाठीं गेलीं. आपला प्रवासी पाहण्यासाठीं जातो. पण वाटेवरचा समुद्र दोघांनाहि एकच.

आतां लहान जहाज कां निवडावें? मोठ्या जहाजावर ऐषाराम अधिक, हें खरें. परंतु तेथें प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९९१ सालीं स्थापन झाली, व तिच्या नियमाप्रमाणें एका ठिकाणीं एका वेळीं शंभरांहून अधिक प्रवासी उतरवतां येत नाहींत. ज्या जहाजावर पांचशेंहून अधिक प्रवासी असतात, त्याला तर कोणालाच उतरवतां येत नाहीं. त्या प्रवाशांनीं कठड्याशीं उभे राहून दूरदर्शन घ्यावें आणि परतावें. शंभर प्रवाशांच्या जहाजावरील सर्व मंडळी एकदमच किनाऱ्यावर जाऊं शकतात. दोनशें असतील तर पाळी लावावी लागते. तेव्हां खोली केवढी आहे हें विचारण्याआधीं जहाजावर एकंदर माणसें किती, हें विचारावें.

या लाभाची किंमतहि द्यावी लागते. बहुतेक जहाजें अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरांतून निघतात आणि ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडतात. या पाण्याला दोन दिवस लागतात. जगाच्या त्या पट्ट्यांत वाऱ्याला अडविणारी जमीनच नाहीं. त्यामुळें लाटा मन मानेल तशा वाढतात आणि लहान जहाज पाळण्यासारखें हलतें. ज्याला मुंबई-गोव्याच्या प्रवासांत बोट लागली असेल, त्यानें येथें ती लागणारच असें धरून चालावें. औषध घ्यावयाचें तें मळमळ सुरू होण्याआधीं. नंतर त्याचा उपयोग थोडा. फिरतांना एक हात सदैव कठड्यावर असावा. दाराच्या फटींत बोटें ठेवूं नयेत, कारण जहाज कलतांच दार आपटतें. खोल्या आटोपशीर असतात. दोघांतिघांनीं वाटून घेतलेल्या, अंगापुरता बिछाना, एखादी गोल खिडकी. डिसेंबरांत तेथें रात्र नांवापुरतीच असते, म्हणून पडदा ओढूनच झोंपावें लागतें. जेवण भरपूर असतें; शाकाहारी मंडळींनीं मात्र तिकीट काढतांनाच तसें कळवावें, कारण वाटेंत भाजीबाजार नाहीं.

आणि वेळापत्रक? तें रोज संध्याकाळीं जाहीर होतें, आणि पुष्कळदां सकाळीं बदलतें. वारा फिरला, खाडींत बर्फ दाटला, कीं कप्तान दुसरीकडे जहाज वळवितो. 'आम्हीं पैसे भरले आहेत' हें वाक्य तेथें कोणी उच्चारूं नये. ऐकावयाला बर्फ रिकामा नसतो. तिकिटानें आपण एक प्रयत्न विकत घेतों, हमी नव्हे. हें ज्याला उमगलें त्याचा प्रवास सुखाचा होतो. रिकाम्या वेळीं जहाजावरील अभ्यासक पक्षी, देवमासे, हिमनद्या यांवर व्याख्यानें देतात. कप्तानाच्या सुकाणूघरांतहि प्रवाशांना बहुधा मोकळीक असते. तेथें अर्धा तास गप्प उभें राहिलें तरी पुष्कळ शिकतां येतें.

किनाऱ्यावर नेण्यास रबरी होड्या असतात. एकेका होडींत दहाएक माणसें. होडींत चढतां-उतरतांना खलाशाचा पंजा न धरतां मनगट धरावयाचें, म्हणजे ओला हात निसटत नाहीं. धक्का नसतो, गुडघाभर पाण्यांत उतरून किनारा गांठावा लागतो. उन्हाळ्यांत पारा शून्याच्या आसपास असला, तरी वारा अंगाला झोंबतो. उतरण्यापूर्वीं बूट धुवावे लागतात, कपड्यांची शिवण न् शिवण तपासली जाते. आपल्या शेतांतलें एखादें कुसळ किंवा गवताचें बी विजारीला चिकटून त्या भूमीवर पडलें तर तेथें रुजूं शकतें, म्हणून हा सोंवळेपणा. आपल्या मोर्शीकडचें संत्रेंहि खिशांतून नेतां येत नाहीं. किनाऱ्यावर अन्नाला मज्जाव आहे. पेंग्विनपासून पांच मीटर दूर राहावें. तो स्वतः जवळ आला तर स्तब्ध उभें राहावें. रिद्धपुरास येणारा महानुभाव यात्रेकरू तेथल्या स्थानांना नमस्कार करतो आणि परत फिरतो. कांहीं उचलून नेत नाहीं, स्वतःची खूण ठेवीत नाहीं. तीच वृत्ति येथें लागते.

शेवटीं धोक्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. अंटार्क्टिकाच्या सफरींसाठीं १९६९ सालीं बांधलेलें 'एक्सप्लोरर' हें लहान जहाज २३ नोव्हेंबर २००७ रोजीं बर्फावर आदळून तेथेंच बुडालें. त्यावरील १५४ माणसांनीं कडाक्याच्या थंडींत बचावहोड्यांत कांहीं तास काढले. मग 'नॉर्डनॉर्गे' या जहाजानें त्यांना उचलून घेतलें. एकहि जीव गेला नाहीं. म्हणून पहिल्याच दिवशीं संकटकाळची कवाईत होते, तेव्हां ती करमणूक समजून खोलींत बसूं नये. जहाजावर डॉक्टर असतो, पण मोठें इस्पितळ समुद्रापलीकडे. ज्याच्या छातींत दुखणें आहे, ज्याला चार पायऱ्या जड जातात, त्यानें आधीं आपल्या डॉक्टरचा खरा सल्ला घ्यावा. आजाऱ्याला परत आणण्याचा खर्च भरून देणारा विमा तर प्रत्येकानेंच उतरवावा. घरच्या माणसांनींहि वडीलधाऱ्यांच्या हौसेला भिडेपोटीं 'हो' म्हणूं नये.

ज्याला ठरलेल्या घटकेस ठरलेलें दृश्य हवें आहे, त्याच्यासाठीं जगांत दुसरीं पुष्कळ स्थळें आहेत. पण दोन दिवस मळमळ सोसून, हुकूम पाळून, मिळेल तें पाहून संतोष मानण्याची ज्याची तयारी असेल, त्यानें लहान जहाज निवडावें. त्याला तेथें पाहुण्यासारखें वागावयास शिकवतात; आणि हें शिक्षण घरीं परतल्यावरहि उपयोगीं पडतें.