खुडूक कोंबडी आणि बाविसावा दिवस



दिवाळी सरली, भाताची मळणी उरकली, की आमच्या पाटण-जावळीच्या बाजूला बायकांची एकमेकींकडे चौकशी सुरू होते, "तुझ्याकडं एखादी खुडूक आहे का गं? अंडी बसवायची आहेत." हंगाम अगदी बरोबर धरलेला असतो. कार्तिकात बसवलेल्या अंड्यांतले नर चैत्र-वैशाखात पाच महिन्यांचे होतात आणि नेमक्या त्याच वेळी गावोगावच्या जत्रा असतात. ज्यांचा डोळा आषाढातल्या गटारीवर असतो, ते पौष-माघात बसवतात. ऐन उन्हाळा आणि पहिला पाऊस मात्र जाणती बाई सहसा टाळते. त्याचं कारण पुढं येईलच.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली. तिथं कोंबडीबद्दल लोक दोनच वेळा विचारायला येतात. अंडी बसवताना आणि पिलं मेल्यावर. मधल्या दिवसांत कुणी फिरकत नाही. आज मला बोलायचंय ते या मधल्या दिवसांबद्दल. पहिल्या 21 दिवसांत माणसानं शक्य तितका हात आवरावा आणि 22व्या दिवसापासून कंबर कसावी, असं माझं साधं म्हणणं आहे. घरोघरी चालतं ते उलटं. अंडी दहादा हाताळून बघतात आणि पिलं निघाली की म्हणतात, "आता तिची ती बघेल." तिची ती बघतेच, पण घार, मांजर आणि मानमोडीचा रोग तिच्या एकटीच्या आवाक्यातला नसतो.

कोंबडी खरंच खुडूक झाली आहे की नुसती अंडं घालायला रेंगाळली आहे, हे रात्री कळतं. खुडूक कोंबडी रात्रीसुद्धा घरट्यातून उठत नाही. हात नेला की पिसं फुलवते, गुरगुरते, टोचा मारते. पोटाखाली हात घातलात तर कढत लागतं, कारण छातीची पिसं झडून किंवा तिनं स्वतः उपटून तिथली कातडी उघडी पडलेली असते. अंड्याला ऊब मिळते ती या उघड्या कातडीची. तरी एक-दोन दिवस तिला बिनकामाच्या एखाद्या अंड्यावर बसू द्या. टिकली, तर रात्रीच्या अंधारात चांगली अंडी खाली सरकवा.

हा गुण सगळ्या कोंबड्यांत नसतो. पांढरी लेगहॉर्न अंड्यांसाठी निवडत आणली, तेव्हा खुडूक बसण्याची खोड तिच्यातून जवळजवळ काढूनच टाकली. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, मग व्यापाऱ्याला ती परवडणार कशी? हैदराबादची वनराज, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, या परसातल्या म्हणून दिलेल्या जाती. त्याही अंडी उबवायला फारशा बसत नाहीत. म्हणजे वनराजची अंडी फुटवायची, तर बसायला आपली गावठीच लागते. गावठी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. बल्ब लावलेलं उबवणीचं यंत्र आता स्वस्तात मिळतं, पण रात्री वीज गेली की अंड्यांचं काय होतं, ते भारनियमन भोगलेल्या गावांना सांगायला नको.

आता अंड्यांचं. दुकानातली पांढरी अंडी बसवून उपयोग नाही. त्या फार्मवर कोंबडाच नसतो, त्यामुळे अंड्यात जीव धरत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागं एक तगडा कोंबडा असेल, अशा घरची अंडी घ्या. आठवड्याच्या आतली घ्या. खूप मोठं, खूप लहान, वाकडं, तडकलेलं घेऊ नका. आणि धुऊ नका. अंड्यावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतला की कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात.

उन्हाळा का टाळायचा, ते इथं आलं. अंड्यातला जीव साधारण 21 ते 24 अंशांच्या वर हळूहळू जागा होऊ लागतो. पूर्ण वाढीला 37.5 अंशांच्या आसपास ऊब लागते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेलं अंडं ना धड थंड राहतं ना धड उबतं. आतला जीव अर्धवट वाढतो आणि मरतो. पुढं कोंबडी 21 दिवस इमानानं बसते आणि निघतात चार पिलं, मग दोष तिच्या माथी. बसवायचीच असतील तर माठाखालच्या ओल्या वाळूशेजारी, रुंद टोक वर करून ठेवा आणि तीन-चार दिवसांत बसवा.

गावठीच्या अंगाखाली दहा-अकरा अंडी पुरे. सगळी एकाच वेळी ठेवायची आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं रेघ ओढायची. ही रेघ फार मोलाची. खुराड्यातल्या दुसऱ्या कोंबड्या त्याच घरट्यात येऊन अंडं टाकून जातात. बिनरेघेचं दिसलं की उचला, नाहीतर पहिली पिलं घेऊन आई उठते तेव्हा उशिरा आलेली अंडी अर्धवट राहतात. पाटीत तळाला वाळू आणि चुलीची राख, वर भाताचं पिंजर. गोचीड-उवांसाठी कडुलिंबाचा नाहीतर तंबाखूचा पाला. उवा झालेली कोंबडी घरट्यात शांत बसत नाही, तिथं अंडी थंड पडतात. आमच्याकडं पाटीत लोखंडी खिळा आणि कोळसाही ठेवतात, ढगांच्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्याचा उपयोग होत नाही. पण अपायही नाही, म्हणून मी कुणाच्या पाटीतून खिळा काढायला लावला नाही. तंबाखू मात्र आवर्जून ठेवायला लावला.

या 21 दिवसांत तुमचं रोजचं काम एकच. सकाळी तिला उठवायचं. बऱ्याच कोंबड्या आपणहून उठतात, काही मात्र उपाशी बसून खंगतात. उचलताना आधी दोन्ही पंखांखाली हात फिरवा. पंखात अंडं अडकलेलं असतं, ते तिच्याबरोबर वर येतं आणि खाली आदळतं. ज्वारी, बाजरी, मका असं कोरडं धान्य आणि पाणी द्या, धुळीत लोळू द्या. पंधरा-वीस मिनिटांत ती परत बसते. एवढ्या वेळात अंडी थोडी थंड झाली तरी बिघडत नाही. अंडी उलथीपालथी करायचं काम ती चोचीनं दिवसातून कितीतरी वेळा करते, तुम्ही करू नका.

सातव्या रात्री मात्र एकदा बघा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, मागं बॅटरी धरा, अंडं त्या भोकावर टेकवा. जीव धरला असेल तर मधे काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात. काहीच नसेल, अंडं स्वच्छ दिसलं, तर ते भाकड. नुसतं लाल कडं दिसलं, तर आतला जीव गेला. ती दोन्ही प्रकारची काढून टाका, म्हणजे बाकीच्यांना ऊब नीट मिळते. यापुढं अंडी हातात घ्यायची नाहीत. विसाव्या दिवशी कोमट पाण्यात टाकून कुठलं हलतं ते बघायची हौस काही घरांत आहे. टवका उडालेलं अंडं पाण्यात गेलं तर आतलं पिलू बुडून मरतं. एवढीच त्या हौसेची कमाई.

एकोणिसाव्या दिवसापासून ऐकण्यासारखं काही घडतं, आणि रेडिओवर बोलतोय म्हणून इथं जरा जास्त वेळ घेतो. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. पिलू आतला पडदा फोडून त्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. श्वास आला की आवाज येतो. कवच अजून अखंड असतं, तरी कान लावलात तर आतून चिवचिव ऐकू येते. कोंबडी त्याला उत्तर देते, हलक्या, घोगऱ्या, तुटक आवाजात. बाहेर आल्यावर पिलं ज्या आवाजामागं धावतात, त्याच्याशी त्यांची ओळख अंड्यातच झालेली असते. यंत्रातल्या पिलाला हे मिळत नाही.

मग चोचीच्या टोकावरच्या बारीक, कठीण उंचवट्यानं ते कवचाला पहिला टवका पाडतं. इथं माणसाचा धीर सुटतो. टवका पडला आणि दहा-बारा तास पुढं काहीच नाही, की कुणीतरी नखानं कवच सोलायला बसतं. श्रोतेहो, ते पिलू तेव्हा स्वस्थ नसतं. कवचाच्या आतल्या पडद्यातलं रक्त ते अंगात ओढून घेत असतं आणि उरलेला बलक पोटात घेत असतं. तुम्ही सोललंत तर पडद्यातून रक्त येतं आणि पिलू दगावतं. टवक्यापासून बाहेर येईपर्यंत एक अख्खा दिवसही जाऊ शकतो. जाऊ द्या.

पोटात घेतलेल्या त्या बलकावर पिलू दोन दिवस काही न खाता तग धरतं. एका दिवसाची पिलं खोक्यात भरून एसटीनं लांबच्या गावी पाठवता येतात ती याच जोरावर. तेव्हा पहिल्या दिवशी कण्या भरवायची घाई नको. रिकामी कवचं तेवढी काढून घ्या, नाहीतर अर्धं कवच दुसऱ्या अंड्यावर टोपीसारखं बसतं आणि आतलं पिलू कोंडतं. 23व्या दिवसापर्यंत न फुटलेली अंडी लांब नेऊन पुरा.

आता बाविसावा दिवस. अकरातली आठ-नऊ पिलं निघाली, घरात आनंद आहे, पोरं भोवती जमली आहेत. महिन्यानं त्याच घरी जा, तीन-चार उरलेली असतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की "यंदा पिलं जगली नाहीत" हे वाक्य ऐकलं, की मी नशिबाची चर्चा न करता थेट डालगं कुठं आहे ते विचारतो.

पहिले दोन-तीन आठवडे आई आणि पिलं डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवा. पिलाला पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या जवळपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी चालते. आई पोटाखाली घेऊन ती देते, म्हणून वेगळा बल्ब नको. पण ओली जमीन तिच्याही हातातली गोष्ट नाही, आणि पहिल्या पावसात पिलं गारठतात ती तिथंच. शिवाय ओल्या भुश्शात रक्ती हगवण फैलावते. अंथरूण कोरडं ठेवणं हे तुमचं काम.

मोकळं सोडल्यावर आईचे आवाज ओळखायला शिका. दाणा सापडला की ती टुक-टुक करत तो चोचीनं उचलते, टाकते, पुन्हा उचलते आणि पिलं धावत येतात. आभाळात घार दिसली की वेगळाच, लांबट आवाज काढते आणि पिलं जिथं असतील तिथं झुडपात दबतात. मांजर, मुंगूस दिसलं तर कटकटीचा तिसराच सूर. अंगणात काम करणाऱ्या बाईला हे सूर माहीत असतात. ती वर न बघताच "हाऽऽ हाऽऽ" करून घार हाकलते.

खाण्यात एक गफलत होते. पिलांसाठी टाकलेली बारीक कणी आईच फस्त करते. डालगं तीन बाजूंनी विटांवर टेकवा, फट इतकी ठेवा की पिलू आत जाईल आणि आई जाणार नाही, आणि कणी आत टाका. नुसत्या कणीवर मात्र पिलू वाढत नाही. त्याला पहिल्या महिन्यात शेकडा वीसच्या आसपास प्रथिनं लागतात. विकतचं पिलांचं खाद्य परवडलं तर उत्तम. नाहीतर मडक्यात ओलं शेण, पाचट आणि फाटकं गोणपाट भरून ते वाळवीच्या जागी रात्रभर उपडं ठेवा. सकाळी वाळवी भरलेली असते आणि पिलं त्यावर तुटून पडतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिलांना घालू नका, त्यातला जास्तीचा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतो. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, म्हणजे पिलू बुडणार नाही.

आणि मानमोडी. पुस्तकात हिला रानीखेत म्हणतात. मान वळते, हिरवी हगवण लागते, आणि एकदा वस्तीत शिरली की औषध नाही. आहे ती फक्त लस. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, पुढची मात्रा आणि साधारण आठव्या आठवड्याचं टोचण दवाखान्यातून ठरवून घ्या, कोंबड्यांच्या देवीच्या लशीचंही तिथंच विचारा. अडचण वेगळीच आहे. लशीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिलांची असते, तुमची पिलं आठ. कालवलेली लस दोन तासांत वापरावी लागते, उरलेली फेकायची. म्हणून एकेकट्यानं येऊ नका. वस्तीतल्या पाच-दहा घरांनी मिळून एकाच आठवड्यात अंडी बसवा, म्हणजे पिलंही एका वयाची होतात. मग एकानं थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायची आणि सकाळच्या गारव्यात दारोदार थेंब टाकत जायचं. हे ज्या वस्त्यांनी केलं, त्यांची माणसं मला जत्रेच्या बाजारात कोंबड्यांच्या पाट्या घेऊन भेटतात.

दोन-अडीच महिन्यांनी आई स्वतःच पिलांना टोचून लांब करते आणि पुन्हा अंड्यावर येते. काही जण महिन्यातच पिलं वेगळी करतात, म्हणजे ती लवकर अंड्यावर येते. आडोसा पक्का आणि खाद्य भरपूर असेल तरच ते करावं. कोंबडे जत्रेला जाऊ द्यात, पण जिनं चांगली पिलं वाढवली तिच्या पोटच्या एक-दोन तलंगा घरी ठेवा.

शेवटी, वारंवार येणारा एक प्रश्न. कोंबडी खुडूक झाली, पण अंडी बसवायचीच नाहीत, तर काय करावं? तिच्या नाकात पीस ओवतात, पाण्यात बुचकळतात, पाय बांधून ठेवतात. यातलं काहीही करू नका. तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून हातभर उंच पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवा. दाणापाणी भरपूर द्या, घरटं देऊ नका. खालून वारा लागला की पोटाची ऊब उतरते आणि दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंडी देऊ लागते.