आमच्या आजीचें स्मरण
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत केलेलें भाषण)



आपल्या देवळाचा पाया कधीं घातला गेला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हें सर्व या स्मरणिकेंत इतरत्र येईलच. परंतु तें देऊळ रविवारमागून रविवार ज्यांनीं भरून ठेवलें, त्या घरोघरच्या म्हाताऱ्या आयांचीं नांवें कोणत्याही शिळेवर कोरलेलीं नाहींत. त्यांपैकीं एकीविषयीं चार शब्द बोलावे अशी आम्हां नातवंडांना आज्ञा झाली, म्हणून आम्ही आपणांपुढें उभे आहों. तिचें नांव आम्ही घेत नाहीं. तिला नांवानें हाक मारणारें माणूस शेवटीं शेवटीं उरलेंच नव्हतें; सगळा गांव तिला 'आजी' म्हणे, तेंच पुरें आहे.

आजीचा जन्म १९१८ सालचा. त्याच वर्षीं इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यांत पसरली आणि घरोघरचीं माणसें गेलीं. आजीची आई त्यांतच गेली. अंगावर पिणारी ती पोर तिच्या आजीनें बकरीच्या दुधावर वाढविली. अक्षरओळख तिला कधीं झाली नाहीं. पण सातव्या वर्षीं जपमाळेचीं पंधराही रहस्यें तिला पाठ होतीं. सोळाव्या वर्षीं लग्न होऊन ती आमच्या घरीं आली. १९४७ सालीं आजोबा विषमज्वरानें वारले. तेव्हां तिचें वय एकोणतीस. पदरीं पांच मुलें, थोरला बारा वर्षांचा आणि धाकटी पाळण्यांत. मागें राहिलें तें असें: दोन वाड्या, एक विहीर, बैलांची एक जोडी आणि सावकाराचें देणें.

आपल्या वसईच्या भूमीवर रडत बसण्यास कोणाला सवड असते? पहांटे उठून ती रहाट जुंपी, पानवेलीला आणि केळींना पाणी देई, मग केळीचीं पानें, फुलें, भाजी टोपलींत भरून पायींच वसई रोड स्टेशन गांठी आणि दादरच्या बाजारांत विकून परत येई. सावकाराचें देणें फेडावयास तिला अकरा वर्षें लागलीं. ज्या दिवशीं तें फिटलें, त्या दिवशीं तिनें घरांत गोडधोड केलें नाहीं. देवळांत एक मेणबत्ती लावली आणि दुसऱ्या दिवशीं नेहमींप्रमाणें गाडी पकडली.

त्या काळीं ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्यानें मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊं नये असा नियम होता. रविवार झाला तरी झाडांना आणि गुरांना तहान लागतेच. म्हणून आजी अंधारांत पाणी ओढी आणि स्वतः कोरड्या घशानें पहिल्या मिस्सेला जाई. शेजारच्या एका बाईनें तिला एकदां विचारलें, "एवढें पाणी हाताखालून वाहतें, तुला घोटभर घ्यावेंसें वाटत नाहीं का ग?" आजी म्हणाली, "वाटतें ना. वाटतें म्हणूनच तर उपास." धर्मशास्त्रावरचीं पुष्कळ प्रवचनें आम्ही पुढें ऐकलीं, उपवासाचा इतका थोडक्यांत अर्थ कोणीं सांगितला नाहीं.

१९६४ सालच्या डिसेंबरांत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठीं पोप सहावे पॉल मुंबईस आले. आजीही गेली, आणि जातांना टोपली घेऊन गेली, कारण बाजार बुडविणें तिला मान्य नव्हतें. गर्दींत कांहीं दिसेना, तेव्हां तिनें रिकामी टोपली पालथी घातली व तिच्यावर उभी राहिली. टोपली मोडली, पण पोपमहाशयांचें दर्शन झालें. "टोपलीचे पैसे वसूल झाले," असें ती पुढें कितीतरी वर्षें सांगत असे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठींत होऊं लागली, तेव्हां मात्र ती रुसली. लॅटिनमधलीं उत्तरें तिला तोंडपाठ होतीं. अर्थ ठाऊक नव्हता, पण सूर ठाऊक होता. "देवाला आमची बोली आतां कळूं लागली काय?" असें ती घरीं फणकाऱ्यानें म्हणे. पुढें एका रविवारीं ती देवळांतून परत आली ती गप्पच. दुपारीं चुलीपाशीं बसून म्हणाली, "इतकीं वर्षें मी 'हो' म्हणत आलें. कशाला 'हो' म्हणत होतें तें आज कळलें." त्यानंतर तिनें लॅटिनचें नांव काढलें नाहीं.

ती संत होती असें आम्ही म्हणत नाहीं. तिची जीभ तिखट होती आणि आमच्या आयांना त्या जिभेनें पुष्कळ रडविलें. एकदां डब्यांतले पैसे नाहींसे झाले, म्हणून तिनें धाकट्या सुनेवर आळ घेतला. चौथ्या दिवशीं ते पैसे तांदळाच्या कणगींत सांपडले. ठेवणारी तीच होती. त्या सायंकाळीं प्रार्थनेस आरंभ करण्यापूर्वीं, सर्व मुलाबाळांच्या देखत, तिनें सुनेपुढें हात जोडले. सासूनें सुनेपुढें हात जोडलेले आम्ही तेव्हां प्रथम पाहिले. त्या सूनबाई आज या सभेंत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच ही गोष्ट आम्ही सांगितली.

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. १९८८ च्या सुमारास वसईच्या जमिनींना भाव येऊं लागला. विहिरीकडच्या वाडीवरून तिच्या थोरल्या व मधल्या मुलांत वाद झाला. एकाला वाडी विकावयाची होती, दुसऱ्याला राखावयाची होती. बोलणें बंद झालें. अंगणांत कूड उभें राहिलें. एक भाऊ पहिल्या मिस्सेला जाई, दुसरा दुसऱ्या. आमच्यांतील कांहीं एकाचे, कांहीं दुसऱ्याचे. आम्हीही बापांच्या मागें उभे राहिलों आणि एकमेकांच्या नाताळाला गेलों नाहीं. आजीनें कोणाचीच बाजू घेतली नाहीं. सायंकाळच्या जपमाळेनंतर मात्र ती एक 'हे आमच्या बापा' अधिक म्हणे, "जो येथें नाहीं त्याच्यासाठीं." ती ज्या घरीं जेवे, त्या घरीं दुसऱ्यासाठीं ती प्रार्थना होई, आणि पुढच्या महिन्यांत दुसऱ्या घरीं पहिल्यासाठीं.

असें आठ वर्षें चाललें. १९९६ सालच्या पवित्र गुरुवारीं तिनें निरोप धाडला कीं आपले पाय चालत नाहींत, देवळांत जावयाचें आहे, खुर्चीवरून न्यावें. निरोप दोघांनाही गेला. खुर्ची एकट्यानें उचलत नाहीं. साठीच्या घरांतले ते दोन भाऊ आले, एकानें पुढून धरली, एकानें मागून, आणि वाटेंत कोणी अवाक्षर बोललें नाहीं. पुढच्या रविवारींही तसेंच. पहिला पाऊस पडल्यावर एका रविवारीं पुढचा भाऊ म्हणाला, "सांभाळ, पाणी आहे." मागचा म्हणाला, "दिसलें." आठ वर्षांनीं बोललेले ते शब्द एवढेच. पण त्यानंतर दोघे एकाच मिस्सेला बसूं लागले, आणि दिवाळीच्या सुमारास कूड निघालें.

त्याच दिवसांत आमच्यांतल्या एकानें आजीला सकाळच्या प्रहरीं मोगरा खुडावयास विहिरीपर्यंत एकटीच चालत गेलेली पाहिली. त्यानें विचारलें, "आजी, पाय बरे झाले वाटतें?" ती म्हणाली, "रविवारींच दुखतात रे."

१९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो सोहळा तिनें ऐंशीव्या वर्षीं पाहिला. २०११ सालीं, त्र्याण्णवाव्या वर्षीं, धर्मगुरूंच्या हातून अखेरचें तैलाभ्यंगन घेऊन तिनें डोळे मिटले. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत पुढें ते दोघे भाऊच होते. आज तेही नाहींत.

बंधुभगिनींनो, तिची स्तुति करून आम्ही खालीं बसलों असतों, तर ती आम्हांवर रागावली असती. खरी गोष्ट अशी कीं ती गेल्यानंतर तीन-चार वर्षांत आमच्या घरांतली सायंकाळची जपमाळ बंद पडली. कोणी कामावरून उशिरां येतो, कोणी दूरच्या इमारतींत राहावयास गेला, हीं कारणें आहेत. पण आजी दादरहून परत येऊन जपमाळ म्हणे, हेंही आम्हांस ठाऊक आहे. आणि विहिरीकडची ती वाडी, जी आमच्या वडिलांनीं तेव्हां विकली नाहीं, तिचे कागद आतां आमच्यापुढें आले आहेत. गेलें वर्षभर आम्ही चुलतभावंडें देवळांत निरनिराळ्या बांकांवर बसतों. आपण तें पाहिलें असेलच.

ज्युबिली हा शब्द जुन्या करारांतला आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा नियम सांगितला आहे, कीं रणशिंग फुंकावें, आणि प्रत्येकानें आपल्या वतनाकडे व आपल्या कुटुंबाकडे परत यावें. वतन आणि कुटुंब हे दोन्ही शब्द तेथें एकत्र आले आहेत. जमीन राखून भाऊ गमावला, किंवा जमीन विकून भाऊ गमावला, तर ती ज्युबिली आमच्या घरीं आली नाहीं असेंच म्हणावें लागेल.

वाडीचें काय करावें याविषयीं आमचें एकमत झालें आहे असें आम्ही येथें सांगूं शकत नाहीं. एवढेंच ठरलें आहे: येत्या शनिवारपासून सर्वांनीं जुन्या घरीं जमावें, प्रथम जपमाळ म्हणावी, जो आला नसेल त्याच्यासाठीं एक 'हे आमच्या बापा' म्हणावें, आणि मग कागद उघडावे. आजीची खुर्ची अद्याप पडवींत आहे. तिच्यावर आतां कोणी बसत नाहीं. पण ती उचलावयास दोघे लागतात, हें आम्हीं विसरूं नये, यासाठीं ती तेथेंच ठेविली आहे.

आपण सर्वांनीं आमच्या आजीच्या आत्म्यासाठीं आणि आम्हां जिवंतांसाठीं एक नमो मरिया म्हणावी, एवढी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.