एंजिनाचा श्वास आणि नळीची लांबी

वेगवान मोटारीच्या सामर्थ्याची चर्चा निघाली की प्रथम विचार होतो तो इंधनाचा. वस्तुतः एंजिनात जादा पेट्रोल सोडणे अवघड नसते. ते जाळण्यास पुरेल इतकी हवा सिलिंडरात भरणे, हे खरे अवघड काम होय. ते इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरास हवा पोहोचविणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याकडे असते.

या नळ्यांतील प्रवाह संथ नसतो. दट्ट्या खाली ओढला गेला की नळीत विरलतेची एक लहर उठते आणि ध्वनीच्या वेगाने नळीच्या मोकळ्या तोंडाकडे धावते. तेथून परतताना ती दाबाची लहर बनते. झडप मिटण्यापूर्वी योग्य क्षणी ती पोहोचली, तर थोडी अधिक हवा आत रेटते. क्षण चुकला, तर तो लाभ हुकतो.

1960 साली क्रायस्लर कंपनीने ‘300 एफ’ या मोटारीसाठी लहरींच्या अशाच मेळाचा उपयोग केला. 413 घन इंचांच्या व्ही-8 एंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक कार्ब्युरेटर बसवून, त्यापासून पलीकडच्या रांगेतील सिलिंडरांपर्यंत सुमारे 30 इंच लांबीच्या नळ्या नेल्या होत्या. स्थूल हिशेब केला, तर एवढ्या नळीतून जाऊन परत येण्यास लहरीला साडेचार मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 3,000 फेरे होत असता तेवढ्या अवधीत क्रँकशाफ्ट सुमारे 80 अंश फिरतो; 6,000 फेऱ्यांना तो 160 अंश फिरतो. नळी तीच, लहरही तीच. परंतु झडप मिटण्याची वेळ मात्र येऊन ठेपलेली असते.

म्हणूनच या एंजिनाचा 495 पौंड-फूट इतका कमाल टॉर्क 2,800 फेऱ्यांनाच मिळे. त्याची शक्ती 375 अश्वशक्ती होती. अधिक वेगाची हौस असणाऱ्यांसाठी त्याची दुसरी आवृत्ती होती. तिच्या नळ्या बाहेरून तशाच दिसत, पण आतील पडदे कापून परिणामकारक लांबी 15 इंचांवर आणली होती. शक्ती 400 अश्वशक्तीपर्यंत चढली. टॉर्क मात्र 465 पौंड-फुटांवर उतरला आणि तोही 3,600 फेऱ्यांना मिळू लागला. एका टोकाला मिळविलेल्याची किंमत दुसऱ्या टोकाला द्यावी लागली.

ही देवघेव टाळण्यासाठी माझ्दाच्या ‘787 बी’ मोटारीत वेगानुसार लांबी बदलणाऱ्या नळ्या होत्या. या मोटारीने 1991 साली ल मान येथील 24 तासांची शर्यत जिंकली. परंतु अशी रचना वजन, खर्च आणि गुंतागुंत वाढविते.

तेव्हा स्वतंत्र मॅनिफोल्ड घडविणाऱ्याने धातूला हात लावण्यापूर्वी एंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालणार, हे ठरविले पाहिजे. लांबी त्यावरून ठरते. नळी अरुंद केल्यास कमी वेगात प्रवाहाला जोर येतो, पण जास्त वेगात तीच गळा आवळते. शिवाय सर्व सिलिंडरांना सारखा वाटा मिळणे अगत्याचे आहे. ज्याच्या वाट्याला हवेच्या मानाने इंधन कमी येते, त्या सिलिंडरात अवेळी स्फोट होऊन दट्ट्या निकामी होऊ शकतो. सर्व वेगांना सारखीच मानवणारी ठराविक लांबीची नळी अस्तित्वात नाही. कोणता वेग सोडून द्यावयाचा, हे जाणणे हाच या रचनेचा आरंभ होय.