हलका लॅपटॉप, जड काम

मी घोटावड्याहून बोलतेय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. शिक्षण बी.ए., आणि कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएस-सीआयटीचं एक सर्टिफिकेट. त्यामुळे आज लॅपटॉपवर बोलणार म्हटल्यावर आमच्या बायका हसल्याच. हसू द्या. ज्या लॅपटॉपबद्दल सांगणार आहे, त्याच्या कर्जाचा ठराव मीच लिहून दिला होता.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीनं बारावीनंतर पुण्यात ग्राफिक आणि व्हिडिओ एडिटिंगच्या कोर्सला प्रवेश घेतला. पोरीचा हात चांगला. हळदीकुंकवाच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर सगळं मोबाइलवर करायची. क्लासनं सांगितलं, लॅपटॉप लागेल. ताईंनी गटाकडे 24 हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. शेकडा दीड रुपया व्याज, 12 हप्ते. बैठकीत एक काकू म्हणाल्याच, "पोरीच्या लॅपटॉपला कर्ज? लग्नाला काय काढाल मग?" पण बाकीच्या ठाम राहिल्या आणि कर्ज मंजूर झालं.

मायलेकी दुकानात गेल्या. दुकानदारानं एक देखणा लॅपटॉप दाखवला. वहीसारखा पातळ, एका हातात मावणारा, बॅटरी दिवसभर टिकणारी. ताईंनी विचारलं, "डिझाइनचं काम होईल ना?" तो म्हणाला, "सगळं चालतं." त्याच दिवशी घेऊन आल्या. चार दिवसांनी क्लासमध्ये फोटोशॉप आणि प्रीमियर टाकायला बसली, तर ते टाकताच येईना. तो लॅपटॉप म्हणजे क्रोमबुक होतं.

क्रोमबुक म्हणजे काय, ते मी पोरीकडूनच समजून घेतलं. तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. दळण दोन तऱ्हांनी होतं. एक, डबा घेऊन गिरणीत जायचं. दोन, घरात घरघंटी घ्यायची. क्रोमबुक हा गिरणीत न्यायचा डबा आहे. 2011 साली ते पहिल्यांदा विकायला आलं, ते याच विचारानं: बरंचसं काम इंटरनेटवर, दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर होतंय, मग हातातलं यंत्र हलकं आणि स्वस्त का नसावं? त्यात विंडोज नसतं, गूगलची क्रोम ओएस असते. विंडोजसाठी केलेली सॉफ्टवेअरं त्यात थेट बसत नाहीत. आपल्याकडेही 2023 पासून चेन्नईजवळच्या कारखान्यात एचपी आणि गूगल मिळून क्रोमबुक बनवू लागले. वस्तू वाईट नाही. शाळेच्या पोरांना, हिशेबाला, मेलला उत्तम आहे.

पण व्हिडिओ जोडायचा, त्यावर अक्षरं फिरवायची, मोठ्या फोटोचे वीस थर एकावर एक ठेवायचे, हे घरघंटीचं काम. त्याला मोटर दमदार लागते. फोटोशॉप बनवणारी कंपनीच सांगते की कमीत कमी 8 जीबी रॅम हवी, 16 असेल तर बरं. पोरीच्या क्रोमबुकमध्ये 4 होती. साठवणीची जागा 64 जीबी, त्यातली बरीचशी आधीच भरलेली. आणि मोबाइलवर काढलेला साधा चांगला व्हिडिओसुद्धा मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी खातो. एका लग्नाचं शूटिंग त्यात मावायचं नाही.

आता दुकानदार अगदीच खोटं बोलला का? हे मला बरेच दिवस टोचत होतं. 2023 च्या सप्टेंबरपासून फोटोशॉप ब्राउझरमध्येही उघडता येतं, इंटरनेट लावून, पैसे भरून. मग "चालतं" म्हणायला तो मोकळा. पण त्यात पूर्ण फोटोशॉपची सगळी अवजारं नाहीत. प्रीमियर तर क्रोमबुकवर बसतच नाही. क्रोमबुकमध्ये लिनक्सचा भाग चालू करून गिम्प, इंकस्केप अशी फुकटची सॉफ्टवेअरं टाकता येतात, पोरीनं तेही करून पाहिलं. इंकस्केप चाललं, रखडत का होईना. पण परीक्षा फोटोशॉप-प्रीमियरवर होती. मग दुकानदार म्हणाला, विंडोज टाकून देतो. तेही त्याला जमलं नाही. क्रोमबुकवर विंडोज सहजासहजी बसत नाही, आणि बसवलं तरी रॅम काही वाढणार नव्हती.

दोन महिने ती पोर क्लासच्याच कॉम्प्युटरवर संध्याकाळी उशिरापर्यंत बसायची. बस चुकली की ताईंचा जीव टांगणीला. वडील म्हणायला लागले, कोर्स सोड. मघाच्या काकूंनी बैठकीत पुन्हा विषय काढला, "मी म्हटलंच होतं." पोर रडली. तेव्हा मी बोलले, की चूक पोरीची नाही. आपण म्हशीचं कर्ज देताना म्हैस बघायला दोन बायका पाठवतो, दात बघतो, दूध काढून बघतो. इथे 24 हजार दिले आणि कुणी क्लासचा कागदसुद्धा वाचला नाही. कोणती सॉफ्टवेअरं लागतील, किती रॅम लागेल, सगळं त्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर छापलेलं होतं. मीही वाचलं नव्हतं.

शेवटी तोड निघाली ती अशी. गटाला हिशेबासाठी आणि तांदळाच्या पिशव्यांच्या लेबलांसाठी काहीतरी हवंच होतं. चार हप्ते फिटून 16 हजार मुद्दल राहिलं होतं. गटानं ते क्रोमबुक 17 हजारांना घेतलं. ताईंचं कर्ज मिटलं, हजार रुपये हातात आले. चार महिन्यांचं व्याज 1,260 झालं होतं. म्हणजे ताईंना सव्वाआठ हजारांचा फटका बसलाच. मग नवं कर्ज काढून 30 हजारांत जुना, पण दमदार टेबलावरचा कॉम्प्युटर आणला. 16 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड. दिसायला ओबडधोबड, पंखा घरघरतो, वीज गेली की बंद. त्यासाठी यूपीएस घ्यावा लागला. पण या वेळी आम्ही तिघी गेलो होतो आणि पोरीनं पेन ड्राइव्हमधून स्वतःचा व्हिडिओ लावून, जोडून, पूर्ण तयार होईपर्यंत दुकानातून पाय हलवला नाही. दुकानदार वैतागला. वैतागू दे.

आणि ते क्रोमबुक? आमच्याकडे झकास चाललंय. हिशेब, इतिवृत्त, कॅनव्हावर लेबलं. एकदाच अडकलो. आंबेमोहोरचं लेबल प्रेसवर पाठवलं तर ते म्हणाले, "कोरलची फाइल द्या." पूर्ण कोरलड्रॉ आमच्या क्रोमबुकवर बसत नाही. प्रेसवाले मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वापरतात, तीही आमच्याकडे नाही. आम्ही टाइप केलेला मजकूर पाठवला तर त्यांच्याकडे जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलतीकडे गेल्या. पोरीनं मार्ग सांगितला: मजकूर नका पाठवू, छपाईची पीडीएफ पाठवा, अक्षरं तिच्यातच बांधलेली जातात. फॉन्टही तिनंच निवडून दिला, मुक्ता. मुंबईच्या एक टाइपनं केलेला, फुकट मिळणारा. प्रेसवाल्यांनी कुरकुर केली, पण छापलं. एकही काना हलला नाही.

तुमच्यापैकी कुणी घेणार असाल तर क्लासकडून सॉफ्टवेअरांची नावं कागदावर लिहून घ्या आणि तेच सॉफ्टवेअर दुकानात त्याच यंत्रावर उघडून दाखवायला सांगा. ब्राउझरमधलं की पूर्ण, हे नक्की विचारा. काम लेबल, हिशेब, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर जड यंत्रावर पैसे घालवू नका, क्रोमबुक पुरतं. जुनं क्रोमबुक घेताना अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार तेवढं बघा. गूगलनं 10 वर्षं जाहीर केलीत, पण ती मॉडेल निघाल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. आणि व्हिडिओ, ॲनिमेशन शिकायचं असेल तर हलकेपणा विसरा. पिशवीत मावलं नाही तरी चालेल.

पोरीचा कोर्स गेल्या महिन्यात संपला. सध्या आसपासच्या हळदी-लग्नांचे व्हिडिओ जोडून देते. नव्या कर्जाचे सात हप्ते फिटलेत, त्यातले शेवटचे दोन तिनं स्वतःच्या कमाईतून भरले. परवा त्या काकू नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. त्याला आर्किटेक्चरला जायचंय. हातात माहितीपत्रक होतं, मागचं पान दुमडून खूण केलेलं.